दीक्षावर (शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं सरकारी ॲप) कोर्स १०० टक्के दिसतो, पण प्रमाणपत्र येत नाही. सुरगाण्यात (जि. नाशिक) रेंजही नसते. काय करावं?

आधी प्रमाणपत्राचं बघू, ते सोपं आहे.

दीक्षावर प्रगती १०० टक्के झाली म्हणजे सगळे घटक उघडून शेवटपर्यंत नेले, एवढंच. निष्ठाच्या (शिक्षकांसाठीचा सरकारी प्रशिक्षण कार्यक्रम) कोर्सला शेवटच्या चाचणीत किमान ७० टक्के लागतात आणि संधी तीनच. चाचणी दिली की प्रगती पूर्ण दिसते, गुण ६५ असले तरी. प्रमाणपत्र अडतं ते बहुतेक वेळा इथेच. तेव्हा नुसतं ‘काय विचारतात बघू’ म्हणून चाचणी उघडू नका.

गुण पुरेसे असतील तर लॉगिन तपासा. कधी गूगलने, कधी मोबाईल नंबर टाकून आत गेलात की दोन वेगळी खाती तयार होतात. कोर्स एकात झालेला असतो आणि प्रमाणपत्र आपण दुसऱ्यात शोधत बसतो. प्रोफाइलमध्ये खाती एकत्र करण्याची सोय आहे, पण यापुढे एकच लॉगिन ठरवून टाका. प्रोफाइलमधलं नाव सेवापुस्तकाप्रमाणे आत्ताच करून घ्या, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. कोर्सला जोडताना माहिती राज्याला देण्याची परवानगी विचारतात, तिथे होकार द्या. नाहीतर राज्याकडच्या यादीत तुमचं नाव दिसायचं नाही. एवढं सगळं बरोबर असेल तर काही दिवस थांबा, प्रमाणपत्र त्याच दिवशी येतंच असं नाही.

आता रेंज. सुरगाणा, पेठ, हरसूल पट्ट्यात थेट व्हिडिओ बघण्याचा नाद सोडा. नाशिकला किंवा तालुक्याच्या गावी वायफाय मिळेल तेव्हा दीक्षाच्या ॲपमध्ये (ब्राउझरमध्ये नाही) कोर्स डाउनलोड करा. आधी फोनमध्ये दोन-तीन जीबी मोकळी करा. जागा संपली की डाउनलोड मध्येच थांबतं आणि घटक उघडत नाही. मग शाळेत निवांत बघा. व्हिडिओ पुढे ढकलू नका, पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत न्या, नाहीतर तो घटक अपुरा राहतो.

इथे एक जपायचं. ऑफलाइन केलेली प्रगती फोनमध्येच पडून असते. रेंजमध्ये आल्यावर कोर्सच्या मेनूतून ती सिंक करा. त्याआधी लॉगआउट केलं, ॲप काढलं किंवा त्याचा डेटा पुसला तर मेहनत वाया. चाचणी मात्र चांगल्या रेंजमध्येच, एका बैठकीत द्या.

वरिष्ठ किंवा निवड वेतनश्रेणीसाठी (१२ आणि २४ वर्षं सेवेनंतरची) हे प्रमाणपत्र चालेल असं धरू नका. ते प्रशिक्षण वेगळं असतं आणि त्याची नोंदणीही वेगळी.

राहिलं शिकण्याचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय आणि त्या तासांच्या मोजणीत शिकणं मागे पडलंय. ग्रुपवर उत्तरं फिरतात, ती टिक करून ७० टक्के येतीलही, पण त्याने तिसरीच्या पोराची हातच्याची वजाबाकी सुटत नाही. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाच्या निष्ठामध्ये १२ कोर्स आहेत; सगळे एका दमात उरकू नका. एका कोर्समधली एकच गोष्ट पंधरा दिवस वर्गात करून बघा. उदाहरणार्थ, मातृभाषेतून सुरुवात. घरी कोकणा बोलणाऱ्या मुलांकडून शेतातल्या, रानातल्या वस्तूंची त्यांचीच नावं घ्या, ती फळ्यावर लिहा आणि वाचन तिथून सुरू करा. मॉड्यूलमधले नमुने बहुधा दुसरीकडचे असतात, ते तसेच उतरवले तर वर्ग गप्प राहतो. पाच मुलांचं वाचन आधी आणि नंतर ऐका, दोन ओळी टिपून ठेवा आणि केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत तेवढंच मांडा. केंद्रप्रमुखांनाही प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा ते ऐकायला बरं वाटेल.

आणि प्रमाणपत्र आलं की लगेच पीडीएफ उतरवून ईमेलवर टाका. फोन बदलल्यावर जुन्या लॉगिनचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही.