कॅम्पिंगसाठी बटणाचा ऑटोमॅटिक चाकू घ्यावा का?
राजमाचीला मुक्कामी जायचंय, बटणाचा चाकू कोणता घेऊ, असं विचारलंय. घेऊच नका. स्प्रिंगमध्ये माती गेली की तो अर्धवट उघडतो. शिवाय रामपुरीसारखं खटकन उघडणारं पातं नाक्यावरच्या पोलिसाला समजावत बसा!

हाताने उघडणारा, लॉकवाला घ्या. मी ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबरचा चाकू वापरतो. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, लाकडी मूठ. मूठ आणि पात्याच्या सांध्यावरची कडी फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. कांदा, दोरी, मॅगीचं पाकीट, सगळं कापतो. फक्त स्टेनलेसच घ्या, कार्बन स्टील पावसाळ्यात लगेच गंजतं. लाकूड फुगून पातं आत अडकलं, तर मुठीचं मागचं टोक दगडावर हलकेच ठोका, पात्याचं टोक वर येतं. विमानाने जाणार असाल तर चेक-इन बॅगेत टाका.