‘कॅसाब्लांका’ची कुठली डिस्क घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सासरे टपाल तिकिटं छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले, आता पंचाहत्तरीला आलेत. पुण्यात शिकताना एका फिल्म सोसायटीत ‘कॅसाब्लांका’ हा जुना कृष्णधवल इंग्रजी सिनेमा एकदाच पाहिला होता, तो अजून डोक्यातून गेलेला नाही. त्यांना डिस्क भेट द्यायची आहे. घरी ४३ इंची फोर-के टीव्ही आणि साधा ब्लू-रे प्लेअर आहे. ऑनलाइन शोधलं तर एकाच सिनेमाच्या पाच-सहा आवृत्त्या दिसतात, किमती कुठल्या कुठे, आणि कोणीतरी सांगितलंय की ‘नवीन ती चांगली’.

आधी उत्तर देऊन टाकतो: २०१२ सालची ब्लू-रे घ्या, सत्तराव्या वर्षानिमित्त काढलेली. नव्यातली नवी म्हणजे २०२२ ची फोर-के. ती याहून सरस आहे, पण तुमच्या घरी तिचा उपयोग नाही. आता कारणं. जरा लांबेल, कारण हा सिनेमा मी व्हीसीडीपासून फोर-केपर्यंत सगळ्या रूपांत विकत घेऊन बसलोय. बायकोच्या मते हा आजार आहे.

माझी पहिली ओळख व्हीसीडीवरची. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ एक लायब्ररी होती, तिथून भाड्याने आणलेली. सिनेमा १०२ मिनिटांचा, म्हणजे दोन तबकड्या, आणि पहिली संपायची ती नेमकी कुणाच्या तरी वाक्याच्या मध्येच. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. शेवटच्या विमानतळाच्या प्रसंगात सगळीकडे धुकं आहे, आणि त्या धुक्याचे व्हीसीडीवर अक्षरशः चौकोनी तुकडे पडायचे, ताटात थापून कापलेल्या वड्यांसारखे. गंमत म्हणजे ते धुकं मुळात लपवाछपवीसाठीच सोडलेलं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, शूटिंग स्टुडिओतच, मागचं विमान लहान आकाराचं, कापून उभं केलेलं, आणि ते मोठं वाटावं म्हणून त्याच्याभोवती बुटकी माणसं फिरवलेली. व्हीसीडीवर हे काहीच कळत नाही. चांगल्या डिस्कवर कळतं, तरीही प्रसंग लागतोच.

मग डीव्हीडी आली. आपल्याकडे मिळायची ती पाल पद्धतीची. तिच्यात एक खोड असते, दुकानदार कधी सांगत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, पाल २५ चा. त्यामुळे सरसकट सगळं जरा पळवतात. १०२ मिनिटांचा सिनेमा ९८ मिनिटांत आटोपतो आणि बहुतेक डिस्कवर आवाजही त्याबरोबर वर चढतो. चार टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण ज्या सिनेमात एकच गाणं पुन्हापुन्हा येऊन सगळ्यांची जखम उघडी करतं, तिथे ते काळी एकवरून जवळजवळ पांढरी दोनवर सरकलेलं ऐकायचं म्हणजे काय, हे पेटीवर बसणाऱ्या माणसाला विचारा. (सिनेमात ते गाणं गाणारा, कॅफेतला पियानोवाला सॅम झालेला डूली विल्सन मुळात ड्रमवाला होता. पियानो वाजवणारा दुसराच, कॅमेऱ्याबाहेर बसलेला. गळा मात्र त्याचा स्वतःचा.) ब्लू-रेवर ही भानगड नाही. तिथे सिनेमा २४ चा २४ च राहतो.

२००३ साली अमेरिकेत दोन डिस्कची डीव्हीडी निघाली, चित्र नव्याने साफ केलेलं. तेव्हा आम्ही हरखून गेलो होतो. ओरखडे नाहीत, चित्र हलत नाही, सगळं लख्ख. तिच्यातलं एक आजही कामाचं आहे: रॉजर एबर्ट या समीक्षकाचं सिनेमाभर चालणारं निवेदन. तुमच्या सासऱ्यांना इंग्रजी बरं जात असेल तर दुसऱ्या वेळी सिनेमा त्या निवेदनासकट लावून द्या. पुढच्या ब्लू-रेंवरही ते आहे, त्यासाठी डीव्हीडी शोधायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. २००८ ची ब्लू-रे आणि २०१२ ची ब्लू-रे. वेष्टन बघून दोन्ही सारख्याच वाटतात, दोन्हींवर तेच दोन चेहरे, आणि जुनी बऱ्याचदा स्वस्त मिळते. पण आतला सिनेमा वेगळा दिसतो.

फरक आहे दाण्याचा. फिल्मवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं बनलेलं असतं. ते कण पडद्यावर हलकेच सळसळताना दिसतात, त्याला ग्रेन म्हणतात. पुष्कळांना ती घाण वाटते, टीव्हीला सिग्नल नीट येत नसल्यासारखी. त्यामुळे एका काळात डिस्क काढताना संगणकाने हा दाणा पुसून टाकायची पद्धत पडली होती. पण दाणा पुसला की त्याच्याबरोबर कातडीवरची रंध्रं जातात, कोटाचं विणकाम जातं, भिंतीचा खडबडीतपणा जातो, कारण हे सगळं त्या दाण्यातच तर काढलेलं होतं. रवाळ तूप पातळ करून कुणी खात नाही. सासरे प्रेसमधले आहेत म्हणताय, तर त्यांना हे एका वाक्यात पटेल: टपाल तिकिटावर भिंग धरलं की चेहरा नाहीसा होतो आणि नुसत्या रेघा दिसतात. त्या रेघा पुसून चेहरा ‘स्वच्छ’ करायला निघालात तर हातात काय उरेल?

आम्ही तिघा मित्रांनी एकदा इंदिरानगरला माझ्या घरी दोन्ही डिस्क पाठोपाठ लावून बघितल्या. डिसेंबरची थंडी, चहाच्या तीन फेऱ्या. नायिका इल्सा कॅफेत येते, सॅमला ते गाणं म्हणायला लावते आणि कॅमेरा नुसता तिच्या चेहऱ्यावर थांबतो, तो प्रसंग घेतला. २००८ च्या डिस्कवर इन्ग्रिड बर्गमनचा चेहरा सुरेख, पण मेणाचा. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, “हिला एवढी पावडर का थापलीय?” मग २०१२ ची लावली. चित्र एकदम गडद झालं, दाणा वर आला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी साठतंय, अजून ओघळलेलं नाही, हे दिसलं. डोळ्यांतले ते प्रकाशाचे ठिपके मुद्दाम दिलेले आहेत. आर्थर एडिसन या छायालेखकाने तिच्यासाठी वेगळे दिवे लावले होते आणि भिंगापुढे जाळी धरली होती. म्हणून तिचे जवळून घेतलेले शॉट मुळातच मऊ आहेत. हे लक्षात ठेवा, नाहीतर डिस्क लावल्यावर तुम्ही मला लिहाल की नायक झालेला बोगार्ट रेखीव दिसतो आणि ती धुरकट का. ती तशीच दिसायची आहे.

एक मित्र मात्र शेवटपर्यंत २००८ च्याच बाजूचा राहिला. त्याचं म्हणणं, २०१२ ची फार काळोखी आहे. त्याचं सगळंच चूक नाही. दुपारी पडदे उघडे ठेवून बघितलंत तर कॅफेतले कोपरे खरोखर दिसत नाहीत. पण हा सिनेमाच सावल्यांचा आहे. खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांच्या अंगावर पडतात, त्या काळ्याच पडल्या पाहिजेत, राखाडी पडल्या तर सगळा जीव गेला. रात्री बघा, दिवा मालवून.

दोन डिस्क ओळखायची माझी आवडती जागा वेगळीच आहे. रिक, म्हणजे बोगार्ट, पहिल्यांदा दिसतो तेव्हा चेहरा दिसतच नाही, कागदावर सही करणारा हात दिसतो. त्या कागदावर तारीख आहे: २ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या पाच दिवस आधीची. अमेरिका अजून युद्धात नाही आणि हा अमेरिकन माणूस कशातच पडायचं नाही म्हणून बसलाय, सगळं त्या एका कागदात. व्हीसीडीवर तिथे नुसता पांढरा डाग होता. कितीतरी वर्षं मला माहीतच नव्हतं की तिथे तारीख आहे. तसंच पॅरिसच्या स्टेशनवर पावसात रिकला चिठ्ठी मिळते, थेंब पडून शाई ओघळते. चांगल्या डिस्कवर अक्षर विरघळताना एकेक रेघ दिसते. सिनेमातला सगळ्यात मोठा अश्रू तोच, आणि तो कागदाच्या तोंडावरून वाहतो.

फोर-केबद्दल. २०२२ ची डिस्क हाताशी असलेल्या, त्या काळच्या उत्तमोत्तम नायट्रेट फिल्मवरून नव्याने स्कॅन करून केली आहे. माझ्याकडे आहे आणि ती अप्रतिम आहे. दाणा बारीक आणि जिवंत, धुक्यात पायऱ्या पडत नाहीत, इल्साच्या कपड्यावरचा ब्रोच खरोखर चमकतो, आणि रिकचा पांढरा कोट पांढरा राहूनही त्याच्या घड्या दिसतात. पण तिला फोर-के डिस्कचा वेगळा प्लेअर लागतो, तुमच्या साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती लागणारच नाही. आणि प्लेअर घेतलात तरी ४३ इंची पडद्यापासून आठ फुटांवर सोफा असेल तर बारकाव्यातला फरक डोळ्याला पोचत नाही. उरतो एचडीआरचा, म्हणजे उजेड आणि काळोख यांतलं अंतर जास्त दाखवण्याचा फायदा. तोही टीव्हीत तेवढा उजेड असेल तर. मध्यम किमतीच्या टीव्हीवर एचडीआरमध्ये चित्र उलट मंदच दिसतं. पुढेमागे मोठा टीव्ही घ्यायचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. मी घेतलेल्या पाकिटात फोर-केबरोबर ब्लू-रेही होती, तसं पाकीट मिळालं तर आज एक लावा, उद्या दुसरी.

रंगीत आवृत्ती १९८८ मध्ये टीव्हीसाठी केली होती. कुठे दिसली तर हात लावू नका. आपल्याकडे ‘मुघल-ए-आझम’ आणि ‘नया दौर’ रंगवले तेव्हा घरोघरी वाद झाले, ते पुन्हा उकरत नाही. पण इथे तर प्रकाशच सगळं बोलतो.

खरेदी करताना एवढं बघा. अमेरिकेतली डीव्हीडी विभाग १ ची असते, आपला विभाग ५, लागेलच असं नाही. ब्लू-रेत अमेरिका ए आणि आपण सी, पण मी आणलेली २०१२ ची माझ्या इथल्या प्लेअरवर विनातक्रार चालली. तरी विक्रेत्याला विचारून घ्या. डिस्कची खालची बाजू जांभळट दिसली तर ती घरी बर्न केलेली असण्याची शक्यता दाट. मी एकदा असा फसलोय: ‘इम्पोर्टेड’ म्हणून घेतली आणि आत डीव्हीडीचंच चित्र ताणून भरलेलं. आणि मागच्या मजकुरात साल वाचा, पुढच्या फोटोवर जाऊ नका.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त काम. डिस्क कुठलीही आणा, टीव्ही दुकानातल्यासारखाच ठेवलात तर पैसे पाण्यात. चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’ असेल तो ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा, नाहीतर कृष्णधवल चित्राला निळसर झाक येते. शार्पनेस शून्यावर किंवा अगदी खाली. ‘नॉइज रिडक्शन’ बंद, ते म्हणजे आपण ज्या दाण्यासाठी एवढं लिहिलं तो टीव्हीनेच पुसायचा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, ती असली की बोगार्ट मालिकेतला वाटतो. आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, ते दिसू द्या. सिनेमा चौकोनीच आहे, १.३७ ला १. घरातलं कुणीतरी ‘स्क्रीन भरून का नाही दिसत’ म्हणत झूमचं बटण दाबेल, आमच्याकडे दर वेळी दाबतात, आणि विमानतळावर दोघांच्या टोप्या वरून कापल्या जातात. त्या प्रसंगात अर्धं बोलणं टोप्यांखालून होतं. रिमोट सासऱ्यांच्याच हातात द्या.

कानाला कमी येत असेल तर इंग्रजी सबटायटल लावा. संवाद भराभर आहेत, माझे तर अजूनही एक-दोन टोमणे निसटतात. आवाज मोनो आहे, बाहेरचा स्पीकर जोडला असेल तर तो ‘सराउंड’वर ठेवू नका.

ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवून इथे टाका. २००८ ची की २०१२ ची, ते सांगतो.