मंगळावरच्या कादंबरीचा दुसरा खर्डा

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कादंबरीचा पहिला खर्डा मी सलग वाचून काढला आणि त्यातली काही प्रकरणे पुन्हा वाचली. सोबतच्या पत्रात तू लिहिले आहेस की विज्ञान नीट मांडायला गेले की माणसे निर्जीव होतात, माणसांकडे लक्ष दिले की विज्ञान ढिले पडते, आणि या ओढाताणीत दुसरा खर्डा चौथ्या प्रकरणापाशी अडून बसला आहे. मला वाटते, विज्ञान आणि माणसे तू वेगवेगळ्या पानांवर लिहिली आहेस आणि म्हणून तुला त्यांतून एकाची निवड करावी लागते आहे. पुनर्लेखनात ती एकाच पानावर आणायची आहेत. ते कसे, हे तुझ्याच प्रकरणांवरून सांगते.

सातव्या प्रकरणात तुझी नायिका मंगळावरच्या वसाहतीतून वाईला असलेल्या वडिलांशी बोलते, आणि ते बोलणे शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावे तसे चालते. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या अगदी जवळ येतात तेव्हाही त्यांच्यात साधारण 5.5 कोटी किलोमीटर अंतर असते आणि संदेशाला ते कापायला 3 मिनिटे लागतात. दोघे सूर्याच्या दोन बाजूंना गेले की अंतर 40 कोटी किलोमीटरच्या आसपास पोचते आणि एका दिशेचा प्रवास सुमारे 22 मिनिटांचा होतो. ‘बाबा, जेवलात का?’ या प्रश्नाचे उत्तर अशा वेळी पाऊण तासाने येणार. तुला हे ठाऊक आहे, कारण तिसऱ्या प्रकरणात एका अभियंत्याच्या तोंडी तू हेच आकडे घातले आहेस. मात्र ते आकडे तिसऱ्या प्रकरणातच राहिले, आणि सातव्यात माणसे त्यांच्यावाचून बोलू लागली.

आता ते अभियंत्याचे भाषण काढून टाक आणि तो विलंब सातव्या प्रकरणात वागायला लाव. वडील प्रश्नाची वाट न पाहता स्वतःच बोलत सुटतील, मुलीला काय विचारायचे असेल याचा अंदाज बांधून आधीच उत्तरे देऊन ठेवतील, आणि त्यांतली काही उत्तरे न विचारलेल्या प्रश्नांची असतील. तू रंगवलेल्या भांडणात तर याहून मोठी संधी आहे. वडिलांनी रागाने एक वाक्य पाठवले, दहा मिनिटांनी पश्चात्ताप होऊन माफी पाठवली. पण पहिले वाक्य पोचताच मुलीने दिलेले उत्तर ती माफी तिच्यापर्यंत पोचण्याआधीच वाटेला लागलेले आहे. दोघांपैकी कोणालाही ते परत बोलावता येत नाही. हा प्रसंग केवळ तुझ्याच कादंबरीत घडू शकतो, आणि तो घडवायला तुला मानवी स्वभाव आणि प्रकाशाचा वेग या दोन्हींची एकाच वेळी गरज आहे.

चौथ्या प्रकरणात तू एका ओळीत सांगून गेली आहेस की सुमारे 26 महिन्यांनी एकदा सूर्य पृथ्वी आणि मंगळ यांच्या मध्ये येतो. त्या काळात साधारण दोन आठवडे मंगळावरच्या यानांना पृथ्वीवरून आज्ञा पाठवणे थांबवतात, कारण सूर्याजवळून जाताना संदेश बिघडण्याचा धोका असतो. परतीच्या प्रवासाला सोयीचा काळही असाच 26 महिन्यांच्या अंतराने येतो, आणि निघाल्यावरही घरी पोचायला सहा ते नऊ महिने लागतात. वडिलांचे आजारपण मात्र तू एकोणिसाव्या प्रकरणात, या सगळ्याशी संबंध न ठेवता आणले आहेस. ते आजारपण त्या दोन आठवड्यांत आण. चौथ्या प्रकरणातली ती ओळ हा माझ्या मते तुझ्या कादंबरीचा कणा आहे, आणि पहिल्या खर्ड्याने तुला तो मिळवून दिला, एवढ्यासाठीसुद्धा त्या खर्ड्याचे मोल मोठे आहे.

अकराव्या प्रकरणातले वादळ तुला फार आवडते हे तुझ्या पत्रावरून कळले, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. त्या वादळात वसाहतीची गाडी उलटते. मंगळावरच्या वातावरणाचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे तिथला वारा कितीही वेगाने वाहिला तरी त्याच्यात गाडी उलटवण्याइतका जोर नसतो. हा प्रसंग सोडताना तुला दुःख होईल, पण खरे वादळ तुझ्या कल्पनेतल्या वादळापेक्षा अधिक भयंकर आहे. 2004 पासून मंगळावर काम करणारी ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी जून 2018 मधल्या धुळीच्या वादळात कायमची गप्प झाली ती आकाश काळवंडून तिच्या सौरपट्ट्यांना ऊन मिळेनासे झाले म्हणून. असा अंधार तुझ्या वसाहतीवर आठवडेच्या आठवडे राहिला तर वीज मोजून वापरावी लागेल. कोणती खोली आधी बंद करायची, रोपवाटिका वाचवायची की प्रयोगशाळा, आणि हे ठरवायचे कोणी, हे प्रश्न उभे राहतील. उलटणारी गाडी अर्ध्या पानात सावरली जाते. या अंधारात मात्र तुझ्या सहाही माणसांचे स्वभाव उघडे पडतील, आणि त्यांतल्या ज्या दोघांमधला फरक मला अजून कळलेला नाही तेही तिथे वेगळे होतील. विज्ञानातली चूक दुरुस्त करताना कथानक लंगडे पडते अशी तुला भीती वाटते. माझा अनुभव बहुतेक वेळा याच्या उलट आहे. चूक असते तिथे बहुधा आपण पूर्वी कुठेतरी वाचलेला किंवा पाहिलेला प्रसंग नकळत उचललेला असतो, आणि खरी वस्तुस्थिती आपल्याला आपल्या स्वतःच्या प्रसंगाकडे नेते.

कालयंत्राच्या ज्या कादंबरीने एच. जी. वेल्स यांचे नाव झाले, तिचा इतिहास तू जरूर वाच. 1888 मध्ये, विशीत असताना, त्यांनी ती कल्पना विद्यार्थ्यांच्या एका नियतकालिकात तीन हप्त्यांत लिहिली आणि मग सोडून दिली. त्या पहिल्या रूपात ब्रिटनमधल्या वेल्स या प्रदेशातले एक खेडे होते, विचित्र नावाचा एक शास्त्रज्ञ होता, गावकऱ्यांचे संशय होते. पण ज्यासाठी यंत्र बनवायचे तो भविष्यकाळ वाचकाला जवळजवळ दिसतच नव्हता. पुढे ती कल्पना त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिली. 1894 मध्ये ती लेखमालेच्या रूपात आली, आणि 1895 मध्ये आधी मासिकातून क्रमशः व मग पुस्तक म्हणून. अखेरच्या रूपात शास्त्रज्ञाचे नावसुद्धा उरले नाही. खेडे गेले, कारस्थान गेले, जेवणानंतर मित्रांना हकीकत सांगणारा एक माणूस राहिला आणि सगळी जागा भविष्यकाळाला मिळाली. या सात वर्षांत मूळ कल्पना कायम राहिली आणि तिच्याभोवती बांधलेले जवळजवळ सगळे बदलले. तुझ्या पहिल्या दोन प्रकरणांतला वसाहतीच्या स्थापनेचा इतिहास वाचताना मला ते खेडे आठवले. तो इतिहास तुला माहीत असणे आवश्यक होते, म्हणून तो लिहिणे वाया गेलेले नाही. परंतु वाचकाला तो इतक्या लवकर आणि इतका सगळा नको आहे.

आपल्याकडे विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकांतून आणि स्पर्धांतून वाढली, आणि तुझी लेखणीही तिथेच तयार झाली आहे. त्या लांबीच्या कथेत एक कल्पना आणि शेवटचा धक्का पुरतो. तुझ्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तसा धक्का आहे, आणि दहाव्या प्रकरणानंतर वाचक त्याची वाट पाहू लागतो, त्यामुळे तो बसत नाही. कादंबरीत एखाद्या गोष्टीचे परिणाम पुढच्या पन्नास पानांत झिरपताना दिसले पाहिजेत. निम्मे धक्के काढून टाक.

कामाच्या क्रमाबद्दल आता थोडे. तू पहिल्या पानापासून वाक्ये घासत चौथ्या प्रकरणापर्यंत आलीस आणि तिथे थकलीस. जे प्रकरण उद्या गळणार आहे त्यातली वाक्ये आज सुंदर करण्यात शक्ती घालवू नकोस, कारण सुंदर झालेले पान काढताना हात अडतो. आधी प्रत्येक प्रकरणात कोणाचे काय बदलते ते एकेका ओळीत लिहून काढ. जिथे ओळ लिहिता येणार नाही ते प्रकरण गाळायचे किंवा दुसऱ्यात मिसळायचे. त्याबरोबर काळाची एक वही कर. मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून जवळजवळ 40 मिनिटांनी मोठा, म्हणजे 24 तास 39 मिनिटे 35 सेकंदांचा असतो, त्यामुळे वसाहतीतली सकाळ वाईच्या सकाळीपासून रोज सरकत जाते आणि साधारण 36 दिवसांनी पुन्हा तिच्याशी जुळते. तुझ्या खर्ड्यात वडील नेहमी संध्याकाळी आणि मुलगी नेहमी सकाळी बोलते. वहीत दोन्हीकडची तारीख, वेळ आणि त्या दिवसाचे अंतर प्रसंगागणिक मांडलेस तर असे घोटाळे आपोआप दिसतील, आणि ऐन मध्यरात्री उठून मुलीचा संदेश ऐकणारे वडीलही तुला सापडतील. ही वही फक्त तुझ्यासाठी आहे. तिच्यातले कोष्टक कादंबरीत उतरवायचा मोह आवर.

खर्डा वाचायला देताना एक वाचक खगोलशास्त्र जाणणारा निवड आणि एक असा निवड की ज्याला मंगळाबद्दल काडीचेही कुतूहल नाही. पहिल्याला चुका विचार. दुसऱ्याला फक्त एवढेच विचार की वाचन कुठे थांबले. शक्य असेल तर तुला न ओळखणारा एखादा वाचकही मिळव. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, कारण आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये अशी त्यांची इच्छा होती. तुझ्या नावाचे दडपण अजून कोणावर येणार नाही, पण तुझ्याविषयीच्या मायेचे येईल, आणि मी स्वतःही त्यातून पूर्णपणे सुटलेली नाही.

इतके करूनही एखादी चूक छापली जाईल, त्याची धास्ती आतापासून नको. लॅरी निव्हन यांच्या ‘रिंगवर्ल्ड’ या 1970 च्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत पृथ्वी उलट्या दिशेने फिरत होती, आणि ते पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्त करावे लागले. त्यांनी कल्पिलेले ताऱ्याभोवतीचे अजस्र कडे स्थिर राहू शकणार नाही, असेही वाचकांनी दाखवून दिले, तेव्हा तोच आक्षेप त्यांनी 1980 च्या पुढच्या कादंबरीचा विषय केला.

किती खर्डे करावे लागतील, असे तू विचारले आहेस. तुझ्या या कादंबरीला, माझ्या अंदाजाने, रचनेसाठी एक पूर्ण पुनर्लेखन लागेल आणि त्यानंतर भाषेसाठी एक शांत हात. रचनेचे पुनर्लेखन जुना खर्डा बंद ठेवून कोऱ्या पानावर कर, म्हणजे जुनी वाक्ये सवयीने परत येणार नाहीत. जे आठवणार नाही त्यातले बरेचसे गेलेले चालेल. चौथ्या प्रकरणाशी झगडणे सध्या थांबव. आधी सातवे लिही, मग सूर्याआडचे दोन आठवडे, मग अंधार. ही तीन प्रकरणे उभी राहिली की त्यांच्या आधी वाचकाला काय आणि किती सांगायला हवे हे तुला कळेल, आणि चौथे प्रकरण ठेवायचे की नाही याचा निर्णयही तेव्हाच घे. सातवे लिहून झाले की पुढच्या दोन्हींसाठी न थांबता ते मला पाठव. त्यातले भांडण कसे उतरते ते वाचायची मला फार उत्सुकता आहे.

तुझी हितचिंतक