वाचकांचे प्रश्न : मशीनवर स्वतःचं डिझाइन

प्रश्न : घरच्या २०० सुयांच्या विणकाम मशीनवर सुती धाग्याचा टॉप विणला. नमुना (मापासाठी विणलेला छोटा तुकडा) मोजून हिशेब केला होता, तरी धुतल्यावर टॉप आखूड आणि ढगळ झाला. कुठे चुकलं? — एक वाचक, दादर

उत्तर : हिशेब बरोबर असणार, नमुना मोजायची वेळ चुकली. मशीनवर विणीला खालून वजनं लटकलेली असतात. त्यामुळे उतरवल्या उतरवल्या नमुना लांबीत ताणलेला आणि रुंदीत आकसलेला असतो. तेव्हाच टेप लावली की दहा सेंटिमीटरला टाके जास्त आणि ओळी कमी भरतात. त्या आकड्यांवर विणलं की टॉप रुंद आणि आखूड होणारच. शिवाय सूत धुतल्यावर लांबीत आटतं, ते वेगळंच.

पुढच्या वेळी नमुना असा विणा : ६० टाके घाला. २० ओळी विणून वेगळ्या रंगाच्या दोन ओळी घ्या, मग मूळ धाग्याच्या ६०, पुन्हा रंगीत दोन आणि शेवटी २०. मधल्या ६० ओळी विणताना सुयांच्या रांगेच्या मधोमध असलेल्या शून्याच्या डावी-उजवीकडच्या एकविसाव्या सुईवर रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवा, म्हणजे खुणांच्या मध्ये नेमके ४० टाके येतात. टॉप जसा धुणार तसाच नमुना धुवा आणि आडवा पसरून वाळवा. मुंबईच्या पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात, पण दमट नमुना मोजू नका. इस्त्रीने वाळवायचा मोह तर नकोच.

समजा ४० टाके १४.३ सेंमी भरले आणि ६० ओळी १५ सेंमी. म्हणजे दहा सेंटिमीटरला २८ टाके, ४० ओळी. छाती ९२, सैलपणा ६, तर पुढचा भाग ४९ सेंमीचा : ४९ × २.८ = १३७, शिवणीचे दोन धरून १३९ टाके. काखेपर्यंत ३६ सेंमी हवेत तर १४४ ओळी. बाही मनगटाशी ५६ टाके आणि वर ९६ असेल, तर दोन्ही कडांना एकेक असे २० वेळा वाढवायचे. बाही १६८ ओळींची असली तर दर आठव्या ओळीला वाढवा, शेवटच्या आठ सरळ जातील.

प्रश्न : ग्राफच्या वहीवर वारली माणसं काढून पंचकार्ड (मशीनला नक्षी सांगणारं भोकांचं कार्ड) पाडलं. विणल्यावर सगळी बुटकी दिसतात, आणि मागचे दोरे बोटांत अडकतात. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वहीतला चौकोन चौरस असतो, टाका मात्र रुंद आणि बुटका. वरच्या मापात ७ टाक्यांची रुंदी म्हणजे १० ओळींची उंची. म्हणून १४ टाके रुंद आणि तितकाच उंच आकार हवा असेल तर २० ओळी काढा. दोन रंगांची वीण साध्या विणीपेक्षा जाड आणि घट्ट येते, तिचा नमुना वेगळा विणा. टेन्शन डायल (टाका सैल-घट्ट करणारी चकती) एखादा आकडा वर ठेवून पाहा.

कार्डाची पुनरावृत्ती २४ टाक्यांची असते, तेव्हा रचना २४ ला भाग जाणाऱ्या आकड्यात बसवा : ६, ८, १२ किंवा पूर्ण २४. न विणलेल्या रंगाचा मागचा दोरा पाच टाक्यांहून लांब गेला की बोट, अंगठी, बांगडी, सगळं अडकतं. माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेत दर चौथ्या-पाचव्या टाक्याला दुसऱ्या रंगाचा एक ठिपका टाका. वारलीला ते शोभतंही.

प्रश्न : टाके अधूनमधून निसटतात. सुया बदलू का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : एकाच जागी निसटत असतील तर ती एक सुई बदला, तिच्या आकड्यावर उघडमीट करणारं झाकण वाकलेलं किंवा गंजाने अडलेलं असतं. जागा बदलत निसटत असतील तर सुयांना दाबून धरणाऱ्या पट्टीतला स्पंज चेपला आहे. पट्टी बाजूने ओढून काढा. स्पंज सपाट किंवा चिकट झाला असेल तर नवा लावा, सगळ्या सुया बदलण्याचा खर्च वाचेल.