गणितवाले वर्कशॉपला एकत्र बसून नक्की करतात काय? आणि पीएचडीवाल्याने अर्ज करावा का?

पीएचडीला होतो तेव्हा मलाही वाटायचं की गणित म्हणजे एकट्याने डोकं धरून बसायचं काम. कॉन्फरन्सला जायचो तर पहिल्या दहा मिनिटांनी लेक्चर डोक्यावरून जायला लागायचं, मग चहाची वाट बघायची. पण अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिक्स, जी आता पॅसाडेनाला कॅलटेक विद्यापीठात आहे, तिथलं वर्कशॉप म्हणजे वेगळंच प्रकरण निघालं.

आठवडाभर जेमतेम तिसेक माणसं, सकाळी दोनच लेक्चर्स आणि दुपार अख्खी मोकळी, म्हणजे कामाला मोकळी. सोमवारी दुपारी सगळे आपापले न सुटलेले प्रश्न सांगत जातात, एकजण फळ्यावर लिहितो, दुसरा टाइप करून घेतो. मग हात वर करून ग्रुप पडतात. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी ग्रुप बदलायचा, कोणी तोंड पाडत नाही.

आमच्या ग्रुपने मंगळवारी एक लेमा, म्हणजे मोठ्या सिद्धतेतला छोटा टप्पा, 'हे तर उघडच आहे' म्हणून सोडून दिला आणि त्याच्या जिवावर दोन फळे भरले. बुधवारी ग्रुपमधल्या एका पीएचडीच्या पोरीने सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटे ग्राफ, म्हणजे शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी, तपासले, तर लेमा सात शिरोबिंदूंवरच आडवा! घरी एकटा असतो तर मी त्या लेमावर दोन महिने तरी घालवले असते. शुक्रवारी निघताना हातात काहीच नव्हतं हेही खरं, पेपर झाला दीड वर्षाने, झूमवर भांडत भांडत.

जर्मनीतलं ओबरवोल्फाखचं गणित संशोधन केंद्र त्याहून जुनं, 1944 पासूनचं, ब्लॅक फॉरेस्टात. तिथे जेवायला कोणी कुठे बसायचं हेसुद्धा तिथली माणसं ठरवतात, नॅपकिनच्या पाकिटावर नाव घालून, म्हणजे रोज शेजारी नवा. यावरूनच गणितज्ञ गेरहार्ड रिंगेलने 1967 मध्ये प्रश्न काढला की ठरावीक आकारांच्या गोल टेबलांवर, सगळी जेवणं मिळून, प्रत्येकजण प्रत्येकाशेजारी बरोबर एकदाच येईल असं बसवता येतं का. बरीच माणसं, तीही विषम संख्येत, असतील तर जमतं हे सिद्ध झालंय, पण पूर्ण प्रश्न अजून उभाच आहे.

अर्ज कराच. पॅसाडेनाला काही जागा अर्जातूनच भरतात आणि प्रवास-राहणं तेच बघतात. फक्त नुसता बायोडेटा चिकटवू नका, त्या विषयात तुम्ही नेमके कुठे अडकलाय ते चार ओळीत लिहा.