वाचक विचारतात: क्रूझच्या बाल्कनीतून टाइमलॅप्स

या वेळच्या टपालात जहाजावरून टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला वेगवान व्हिडिओ, कसा घ्यायचा याचे प्रश्न बरेच आले. मी काही वर्षं प्रवासी जहाजांवर फोटोग्राफरची नोकरी केली आहे, त्यामुळे संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडेच ढकलला.

प्रश्न : आम्ही दोघं पनामा कालव्याच्या क्रूझवर जाणार आहोत, ॲटलांटिककडून पॅसिफिककडे. बाल्कनीची केबिन घेतली आहे. अख्खा कालवा दोन मिनिटांत दाखवायचा, असं ठरवलं आहे. नऊ तासांचा प्रवास आणि सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर दर 9 सेकंदांना एक फोटो निघतो. हिशेब बरोबर आहे ना?

हिशेब अगदी बरोबर आहे. व्हिडिओ मात्र बघवणार नाही.

तुम्ही घड्याळ धरून भागाकार केलात. जवळजवळ सगळे तसंच करतात, कारण टाइमलॅप्सवरचे धडे डोंगरमाथ्यावर ट्रायपॉड रोवून बसलेल्या माणसासाठी लिहिलेले असतात. तिथे कॅमेरा हलत नाही, ढग हलतात. इथे कॅमेराच चालतोय. त्यामुळे इंटरव्हल, म्हणजे दोन फोटोंमधला वेळ, ठरवायचा तो प्रवास किती तासांचा आहे यावरून नाही, तर चौकटीतली सगळ्यात जवळची वस्तू किती लांब आहे यावरून.

कुलेब्रा कट हा कालव्याचा डोंगर फोडून काढलेला अरुंद भाग. तिथे काठ तुमच्यापासून शंभरेक मीटरवर असेल असं धरू. तेवढ्या अंतरावर फोनच्या मुख्य लेन्समध्ये साधारण 140 मीटर रुंदीचा काठ मावतो. जहाज 8 नॉटने चाललं असेल तर सेकंदाला चार मीटरच्या थोडं वर, म्हणजे 9 सेकंदांत 37 मीटर पुढे जातं. काठावरचं एखादं झाड चार फ्रेममध्ये या टोकाकडून त्या टोकाला जाऊन गायब! पडद्यावर ते जेमतेम सेकंदाचा आठवा हिस्सा टिकतं. बघणाऱ्याला नुसती हिरवी तडतड दिसते. इंटरव्हल 1 सेकंदाचा ठेवलात तर तेच झाड चौतीसेक फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाहून थोडं जास्त. तेवढ्यात डोळ्याला ते पकडता येतं.

आता गातूनचे लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणारे दरवाजांचे हौद. तिथे तीन टप्प्यांत जहाज समुद्रसपाटीपासून सुमारे 26 मीटर वर चढतं. एका टप्प्याचं पाणी भरायला दहाएक मिनिटं लागतात असं धरलं, तर तुमच्या 9 सेकंदांच्या हिशेबाने त्या चढण्याला जेमतेम सदुसष्ट फ्रेम मिळतात, म्हणजे दोन सेकंदांच्या जरा वर. ज्यासाठी एवढ्या लांब जायचं ते दोन सेकंदांत उरकायचं? तिथेही 1 सेकंदच ठेवा. वीस सेकंदांचा तुकडा मिळेल आणि भिंत खाली खाली जाताना नीट दिसेल.

गातून सरोवरात मात्र काठ लांब, बेटं विखुरलेली, वर ढगांचे ढीग. तिथे 5 सेकंद चालतील. इथेच तुमचा वेळ वाचतो. पॅसिफिकच्या बाजूचे लॉक उतरण्याचे. पेद्रो मिगेलचा एक टप्पा, मिराफ्लोरेसचे दोन. एव्हाना दिवस बराच सरलेला असतो आणि माणूसही दमलेला असतो. यातला एकच घ्या.

आणखी एक गोष्ट बुकिंग करून देणाऱ्याला आधीच विचारा: जहाज कोणत्या लॉकमधून जाणार? 1914 साली सुरू झालेल्या जुन्या लॉकची रुंदी 33.5 मीटर आहे. त्यात मावणारी मोठी जहाजं इतकी घट्ट बसतात की खालच्या मजल्यावर बाल्कनी असेल तर समोर निव्वळ काँक्रीट येतं. 2016 सालच्या नव्या लॉकची रुंदी 55 मीटर, तिथे बाजूला मोकळं पाणी दिसतं. जुन्या लॉकमध्ये जहाज सरळ ठेवायला रुळांवरून विजेची इंजिनं चालतात, त्यांना तिथे ‘म्यूल’ म्हणतात. ती चौकटीत आली तर फार मजा येते. नव्यात ते काम टग बोटी करतात.

बाजू डावी की उजवी, हेही पुष्कळ जण विचारतात. नकाशा पाहिलात तर या दिशेने जाताना जहाज पश्चिमेला न जाता साधारण आग्नेयेकडे जातं. म्हणजे सकाळचं ऊन डाव्या बाल्कनीवर आणि दुपारनंतरचं उजव्या. गातूनचे लॉक सकाळी लागणार असतील तर मी उजवी बाजू घेईन, म्हणजे सूर्य लेन्समध्ये घुसत नाही.

शेवटचं सांगते. कॅमेरा काठाशी काटकोनात धरू नका, तिरका धरा, आणि तोही मागच्या दिशेने. पुढे तोंड केलं की वारा आणि तुषार थेट काचेवर येतात. मागे तोंड असलं की काठ सावकाश लांब जात राहतो आणि जहाजामागची पाण्यातली रेघही मिळते. जाहिरातींमधल्या सगळ्या फिल्म पुढे बघतात, म्हणून आपणही बघायलाच हवं असं नाही. मात्र शेजाऱ्यांची बाल्कनी चौकटीत येत नाही ना, ते पाहून घ्या. ती माणसं तिथे सुट्टी घालवायला आलेली असतात.

प्रश्न : आयफोनवर सहा तास टाइमलॅप्स चालू ठेवला. व्हिडिओ निघाला अर्ध्या मिनिटाचा. फोन बिघडला आहे का?

फोन ठणठणीत आहे. आयफोनचा टाइमलॅप्स असाच बनवलेला आहे. सुरुवातीला तो सेकंदाला दोन फोटो घेतो. चित्रीकरण लांबत गेलं की फोटोंमधलं अंतर दुप्पट करतो, आणखी लांबलं की पुन्हा दुप्पट, आणि आधी काढलेले जादा फोटो टाकून देतो. त्यामुळे तुम्ही वीस मिनिटं घ्या नाहीतर सहा तास, हाती येतं ते साधारण 20 ते 40 सेकंदांचंच. सहा तासांत इंटरव्हल इतका ताणला जातो की चालत्या जहाजावरून काही धड दिसत नाही.

उपाय दोन. एक, दहा-दहा मिनिटांचे तुकडे घ्या: बंदर सोडताना, वळण घेताना, ढग दाटताना. दुसरा, इंटरव्हल आपल्या हाताने ठरवू देणारं ॲप वापरा. मला पहिला उपाय आवडतो, कारण त्यात निवड करावी लागते. खुल्या समुद्रातली सहा तासांची निळी पट्टी कुणीच शेवटपर्यंत बघत नाही, घरची माणसंसुद्धा नाहीत.

प्रश्न : क्षितिज सारखं डुलतं, बघणाऱ्यांना मळमळतं. ट्रायपॉड तर चांगला वजनदार होता.

ट्रायपॉड जहाजाला धरून बसतो आणि जहाज लाटांवर डुलतं, मग वजनाचा काय उपयोग? खऱ्या वेळेत जे डुलणं संथ वाटतं, ते टाइमलॅप्समध्ये थरथर होऊन येतं. हे घरी आल्यावरच दुरुस्त होतं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्थिरीकरण करताना क्षितिजाची रेघ धरायला सांगा, कठड्याची नको. त्यात कडा कापल्या जातात, म्हणून मुळात रुंद चौकट घ्या, फोर-के मध्ये घ्या आणि शेवटचा व्हिडिओ फुल एचडीत काढा. कठडा चौकटीत ठेवूच नका. क्षितिज स्थिर झालं की कठडा डुलायला लागतो आणि मळमळ पुन्हा हजर.

कठड्याला क्लॅम्प लावायचा विचार असेल तर आधी जहाजावर विचारा. अनेक कंपन्या तो लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वाऱ्याने सुटलेला कॅमेरा खालच्या डेकवर कुणाच्या डोक्यात बसू शकतो. ट्रायपॉड जमिनीवर, पाय फाकवून बुटका करून ठेवा, दोरीने बांधा आणि तुम्ही तिथेच थांबा. कठड्याला काच असेल आणि तिच्यातूनच शूट करावं लागणार असेल तर लेन्स काचेला अगदी भिडवा आणि भोवती काळं कापड धरा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही.

प्रश्न : रात्री समुद्रावरून ताऱ्यांचा टाइमलॅप्स जमेल का?

चालत्या जहाजावरून नाही. ताऱ्यांसाठी दहा-वीस सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं, तेवढ्यात जहाज डुलून प्रत्येक ताऱ्याचं गांडूळ होतं. त्याऐवजी सूर्यास्तानंतरचा अर्धा तास आणि बंदर सोडण्याची वेळ एकत्र येते का ते बघा. किनाऱ्यावरचे दिवे एकेक लागत जातात. इंटरव्हल 2 सेकंद, शटर अर्ध्या सेकंदाच्या आत. बाल्कनीतला दिवा बंद ठेवा. तुमच्या फोटोसाठी तर हवाच, शिवाय ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथून, अंधारात नजर ठेवणाऱ्यांनाही त्याचा त्रास होतो.

प्रश्न : कॅमेरा बाहेर नेला की लेन्सवर धुकं बसतं. पुसलं की परत बसतं.

एसीच्या केबिनमधून गार झालेली काच दमट हवेत गेली की हे होणारच. पुसत बसू नका. कॅमेरा झिप बंद केलेल्या पिशवीत घालून बाहेर न्या आणि अर्धा तास तसाच राहू द्या. लेन्सवर खारं पाणी वाळलं असेल तर कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपा.

प्रश्न : चार्जिंगची वायर बाल्कनीच्या दारातून बाहेर नेली तर चालेल का?

दार उघडं राहतं आणि बऱ्याच जहाजांवर दार उघडं असलं की केबिनचा एसी बंद पडतो. पॉवर बँक न्या.