सँक्शन लेटर हातात आहे म्हणून टोकन देऊन मोकळे होऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. पुण्यात खराडीला भाड्याने देण्यासाठी रीसेलचा फ्लॅट बघितलाय, बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आलंय, आणि मालक म्हणतोय शनिवारपर्यंत पाच लाख द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. २०१८ मध्ये मी नेमका इथेच उभा होतो. इंडेक्स टू, सर्च रिपोर्ट वगैरे मालकीचे कागद तुम्ही बघालच, त्यावर लिहीत नाही.

सँक्शन लेटर तुमच्या पगारावर मिळतं. या फ्लॅटवर बँक किती देणार, ते नंतर ठरतं, बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, जाऊन आल्यावर. हे मला माहीत नव्हतं आणि शाखेतल्या कुणी सांगितलंही नाही. सिंहगड रस्त्यावरचा टू बीएचके, सौदा ६० लाखांचा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणून मी ४८ लाख धरून चाललो. पाच लाख टोकन, म्हणजे विसार, देऊन त्याची लेखी विसार पावती केली. त्यात ओळ होती, ४५ दिवसांत व्यवहार पूर्ण झाला नाही तर विसार जप्त. मी सही केली.

मग शाखेत खेटे सुरू झाले. ‘फाइल वरच्या ऑफिसला गेलीय’ हे एकच उत्तर, महिनाभर. ३३व्या दिवशी कळलं की व्हॅल्युएशन ५२ लाखच आलंय. त्याचे ८० टक्के ४१ लाख ६० हजार. सहा लाख चाळीस हजार कमी, आणि हातात १२ दिवस. रिपोर्टची प्रत मागितली तर ‘तो आमचा अंतर्गत कागद आहे’. फी मात्र माझ्याकडून घेतलेली! एवढं तोंडी कळलं की मालकाने टेरेस बंदिस्त करून खोलीत घेतली होती. तो ७०० फूट म्हणून विकत होता, त्यातले ९० फूट मंजूर नकाशात खोली म्हणून नव्हतेच. व्हॅल्युअर नकाशाप्रमाणे गेला. चूक त्याची नव्हती. हेच महिनाभर आधी सांगितलं असतं तर मी भाव तरी पाडून घेतला असता, आजही याचा संताप होतो.

विसार जाऊ नये म्हणून पर्सनल लोन काढलं, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. गृहकर्जाचा हप्ता ३६ हजार, याचा पंधरा. भाडं १७ हजार. पाच वर्षं दरमहा ३४ हजार पगारातून भरले.

म्हणून सांगतो, विसार पावतीत एक ओळ घालाच: बँकेने अमुक रकमेपेक्षा कमी कर्ज दिलं तर विसार पूर्ण परत. मालक तयार नसेल तर एक्कावन्न हजारांच्या वर देऊ नका, आणि शनिवारची घाई त्याची आहे, तुमची नाही. (मी वकील नाही. मसुदा वकिलाला दाखवा, त्याची फी यात काहीच नाही.)

‘पुढे भाड्यातून हप्ता निघेल’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही. ६० लाखांवर १७ हजार म्हणजे वर्षाला ३.४ टक्के, पण कागदावर. माझी स्टॅम्प ड्युटी ६ टक्के होती, आता पुणे शहरात ७ आहे, महिलेच्या नावावर ६. वर्षातला एक महिना घर रिकामं, एका भाड्याएवढी दलाली, मेंटेनन्स, रंग, गळती. स्वतः राहता त्या घराला पालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, भाडेकरू आला की ती जाते. सगळं वजा करून माझ्या हातात दोन टक्केसुद्धा राहत नव्हते. त्यात नव्या करप्रणालीत असाल तर भाड्यापेक्षा कर्जाचं व्याज जास्त झाल्याने दिसणारा तोटा पगारातून वजा होत नाही. तुमचं काय बसतं ते सीएला विचारा, मी माझंच सांगतोय. भाव वाढेल म्हणून घेत असाल तर तो वेगळा हिशोब, पण मग तसं धरूनच घ्या.

आणखी दोन गोष्टी सुचल्या म्हणून. घर भाड्याने दिलं की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, पण ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावू शकत नाही. आमच्याकडे सरसकट हजार लावले होते, २००१ चा शासन आदेश दाखवल्यावर कमी केले. आणि लीव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) रजिस्टर करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, नुसती नोटरी चालत नाही, एजंट काहीही सांगो.

शनिवारच्या आत एक करा. मालकाकडून मंजूर नकाशाची प्रत मागा आणि टेप घेऊन फ्लॅटमध्ये जा, टेरेस आणि बाल्कनी आधी मोजा. आकडे इथे टाकलेत तर मी बघून सांगेन.